त्या खोलीतली हवा कुणी मोजली?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी २७ वर्षांची आहे. महाराष्ट्रातल्या एका शहरात, खासगी हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी आणि उपचार करणाऱ्या) विभागात ती टेक्नॉलॉजिस्ट आहे. फुप्फुसांत हवा कुठवर पोचते ते दाखवणाऱ्या व्हेंटिलेशन स्कॅनसाठी पेशंटला नेब्युलायझरमधून टेक्नेशियम-डीटीपीए या किरणोत्सर्गी औषधाची वाफ ओढायला द्यावी लागते. पेशंट बहुतेक वयस्कर आणि धाप लागलेले. माउथपीस ओठांत नीट धरता येत नाही, मध्येच खोकला येतो, आणि ती नळी सावरत त्यांच्या तोंडाशी उभी असते. स्कॅन झाल्यावर किरण मोजणारं सर्व्हे मीटर तिच्या कोटावर आणि मास्कवर कडकडतं. छातीवर लावलेल्या, किरणांची मात्रा नोंदणाऱ्या टीएलडी बॅजचा तिमाही रिपोर्ट मात्र शून्याच्या आसपास येतो. एक्झॉस्ट फॅन आवाज करतो म्हणून बंद ठेवलेला असतो. सीनियर म्हणतात, "मी इतकी वर्षं हेच करतोय, मला काय झालं?" लग्नाला वर्ष होत आलंय, बाळाचा विचार चाललाय आणि सासूबाई म्हणतात, नोकरी सोड. तिचा प्रश्न असा: "ताई, मी उगाच घाबरतेय का? बॅज शून्य दाखवतोय तर गप्प बसू, की नोकरी सोडून मोकळी होऊ?"

आधी बॅजबद्दल बोलू, कारण तुझा सगळा तिढा त्या शून्यात अडकलाय.

टीएलडी बॅज छातीवर बाहेरून येऊन पडणारे किरण मोजतो. पेशंटच्या अंगातून, सिरिंजमधून, हॉट लॅबमधून (औषध तयार करायच्या खोलीतून) तुझ्यापर्यंत जे पोचतं ते तो नोंदतो. त्या कामात तो चोख आहे आणि तुझा रिपोर्ट कमी येतोय ही खरंच चांगली गोष्ट आहे. याचा अर्थ तू डोस भरताना चटपटीत आहेस, शिशाच्या आड उभी राहतेस, उगाच रेंगाळत नाहीस. पण श्वासावाटे काय आत गेलं, हे त्या बॅजला कळायला मार्ग नाही. लेड एप्रनचंही तसंच. अर्धा मिलिमीटर शिसं टेक्नेशियमचे गॅमा किरण बरेचसे अडवतं, हवेतून नाकात जाणारा कण अडवू शकत नाही. म्हणजे तुझ्या विभागात बाहेरच्या किरणांचा बंदोबस्त आहे आणि त्याची मोजणीही होते. हवेचा बंदोबस्त ढिला आहे आणि तिची मोजणी कुणी केलेलीच नाही. तू आणि तुझे सीनियर एकाच शून्याकडे बघून उलट टोकाचे निष्कर्ष काढताय, आणि ते शून्य या प्रश्नाचं उत्तरच नाही.

आता त्या खोलीत होतं काय ते आकड्यांत बघू. तू रोज करतेस, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना ते माहीत नसेल. नेब्युलायझरमध्ये साधारण ९०० ते १३०० मेगाबेक्वेरल (किरणोत्सर्गाचं प्रमाण मोजायचं एकक) औषध भरावं लागतं. त्यातलं पेशंटच्या फुप्फुसात जेमतेम २० ते ४० बसतं. उरलेलं बहुतेक नेब्युलायझरच्या भांड्यात, नळीत आणि श्वास सोडायच्या फिल्टरमध्ये राहतं, आणि थोडं ओठांच्या कडेनं निसटतं. हे निसटणं एक टक्का धरलं तरी दहाएक मेगाबेक्वेरल खोलीत आलं. घरात धूप फिरवल्यावर तो कोपऱ्याकोपऱ्यात रेंगाळतो आणि कपड्यांना वास धरतो, तशी ही वाफ कोट, केस, मास्क, उशी, जमीन सगळीकडे बसते. फरक इतकाच की हिला वास नाही. तुझं मीटर कडकडतं ते यामुळे. मीटर बिघडलेलं नाही आणि तुझ्या मनाचे खेळही नाहीत.

पण इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी. पेशंटच्या फुप्फुसात पूर्ण ४० मेगाबेक्वेरल बसलं, तरी त्याला मिळणारी मात्रा साधारण पाव मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) असते. समजा, प्रत्येक स्कॅनला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं तुझ्या श्वासात गेलं आणि तू वर्षाला असे शंभर स्कॅन केलेस. वर्षाचे मिळून तेवढेच, पाव मिलिसीव्हर्टच्या आसपास होतात. निसर्गातूनच आपल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. तुझ्यासारख्या कर्मचाऱ्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी आहे. बीजकोश कायमचे निकामी व्हायला लागणारी मात्रा हजारो मिलिसीव्हर्टच्या घरात असते. शिवाय डीटीपीए फुप्फुसात मुक्काम करत नाही. तास-दीड तासात निम्मं रक्तात उतरतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी कोटावर बसलेलं मंगळवार सकाळपर्यंत हजारात एक भाग उरतं. आतापर्यंतच्या कामामुळे मूल होण्यात अडचण येईल ही भीती मनातून काढून टाक. त्या भीतीला आधार नाही.

आता तो "शंभरावा हिस्सा" हा आकडा बघ. तो मी धरला आहे. तुझ्या खोलीत तो हजारावा असेल किंवा पन्नासावा असेल. फॅन बंद, पेशंट खोकणारा आणि तू तोंडाशी वाकलेली, असं चित्र असेल तर मला तो बरा नसेल असंच वाटतं. म्हणून "घाबरू की नको" हा प्रश्न बाजूला ठेव आणि "किती आहे" हे शोधायला लाग. तू मोजमापाचंच शिक्षण घेतलं आहेस. विभागात गॅमा कॅमेरा आहे, म्हणजे माणसाच्या अंगातलं कणभर टेक्नेशियम दाखवणारं यंत्र तुझ्या हाताशी आहे. आपल्या हॉस्पिटलांत ते पेशंटसाठी दिवसभर चालतं आणि स्टाफसाठी कधीच वापरलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोजायचं कसं? पेशंट यायच्या आधी खोलीचं बॅकग्राउंड, म्हणजे मूळचं रीडिंग, घे आणि वहीत लिही. स्कॅन झाल्यावर त्याच खोलीत स्वतःला तपासू नकोस. पेशंट समोर असताना मीटर त्याचेच किरण मोजत बसेल. बाहेर, बॅकग्राउंड कमी असलेल्या जागी ये. हात, बाह्यांची टोकं, कॉलर, केसांची कपाळावरची कड, बुटांचे तळवे, या क्रमानं मीटर सावकाश फिरव. मग मास्क काढून छोट्या पिशवीत घाल आणि वेल काउंटरमध्ये (छोट्या नमुन्यातले किरण मोजणाऱ्या यंत्रात) किंवा कॅमेऱ्यासमोर ठेव. मास्कवरचे काउंट नाकासमोर जास्त आणि कडांना कमी असतील, तर हवा कापडातून गाळली जातेय. कडांवर जास्त असतील, तर ती बाजूनं आत शिरतेय. त्यानंतर आरएसओंना (विभागाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) सांगून, कोट बदलून आणि हात-तोंड धुऊन, एखाद्या दिवशी कॅमेऱ्यासमोर काही मिनिटं उभी राहा. छातीत काही दिसलं तर त्या काउंटवरून किती बेक्वेरल गेलं हे मेडिकल फिजिसिस्ट काढून देईल. काही दिसलं नाही, तर तो कागद तुझ्या बॅजच्या शून्यापेक्षा खूप मोलाचा आहे. एका स्कॅनवरून निष्कर्ष काढू नकोस, वेगवेगळे पेशंट येऊ देत. खोकणारा आणि न खोकणारा, बसलेला आणि झोपवलेला, सगळे त्यात यायला हवेत.

मोजणी चालू असतानाच हातची पद्धत बदलता येते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बहुतेक गळती दोन क्षणांना होते: सुरुवातीला आणि शेवटी. आधी औषध न घालता, नुसत्या सलाइनवर पेशंटकडून सराव करून घे. नाकाला चिमटा, ओठ माउथपीसभोवती घट्ट, श्वास नेहमीसारखा. आजोबांची कवळी काढून ठेवली असेल तर ती लावायला सांग, ओठांना आधार मिळतो. (आपण सगळेच प्रोसिजरच्या आधी कवळी काढायला सांगतो. इथे उलटं करायचं.) ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी घट्ट बसणारा फेसमास्क डॉक्टरांना विचारून वापर. ऑक्सिजनचा प्रवाह ओठ बंद झाल्यावरच सुरू कर, मिनिटाला आठ ते दहा लिटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी: आधी ऑक्सिजन बंद कर आणि माउथपीस लगेच ओढून काढू नकोस. नळीतली उरलेली वाफ फिल्टरमध्ये जाईपर्यंत पेशंटला त्याच नळीतून आणखी काही श्वास घेऊ दे. मगच काढायचं, तेही टिश्यूनं ओठ टिपत, आणि टिश्यू सरळ रेडिओअॅक्टिव्ह कचऱ्याच्या डब्यात. घाईच्या दिवशी, बाहेर तीन पेशंट ताटकळत असताना, हाच अर्धा मिनिट आपण वाचवतो आणि हाच अर्धा मिनिट खोलीत पसरतो.

उभं राहायचं ते पेशंटच्या बाजूला, शक्यतो डोक्याच्या मागे, तोंडासमोर नाही. नळी हातानं धरायची गरज पडू नये म्हणून स्टँड मागून घे. पेशंट एकदा लयीत आला की दोन पावलं मागे सर. अंतर दुप्पट झालं की बाहेरची मात्रा साधारण चौथाईवर येते. त्या खोलीत नीट बसणारा एन-९५ घाल, हे कण तो बऱ्यापैकी अडवतो. मोबाइल खोलीबाहेर. ग्लोव्ह घातलेल्या हातानं उचललेला फोन आपण थेट गालाला लावतो. आणि नव्या लग्नाची म्हणून हे सांगते, बांगड्यांचा चुडा ड्युटीवर नको. ग्लोव्ह त्याच्यावर बसत नाही, हात धुताना त्याच्या खालचं धुतलं जात नाही. मंगळसूत्र कोटाच्या आत, केस टोपीत.

फॅनचा मुद्दा मात्र तुझ्या एकटीच्या हातात नाही आणि तो तू एकटीनं अंगावर घेऊही नयेस. जिथे वाफ वापरली जाते त्या खोलीतली हवा कॉरिडॉरमध्ये न येता बाहेर जायला हवी. त्यासाठी खोलीतला दाब आजूबाजूपेक्षा थोडा कमी लागतो, आणि तो फॅन चालू असला तरच राहतो. दार किंचित किलकिलं करून फटीशी टिश्यूची पट्टी धर. ती आत ओढली जात असेल तर ठीक. बाहेर फडफडत असेल तर तुमच्या खोलीतली हवा बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे चाललीय. ही दहा सेकंदांची चाचणी सीनियरना सोबत घेऊन कर.

त्यांच्याबद्दल तू जरा रागानं लिहिलं आहेस. राग समजतो. तरी एक विचार कर. इतकी वर्षं त्या खोलीत उभं राहिलेल्या माणसाला "इथे धोका आहे" असं म्हटलं की त्याला ते "तुमच्या अंगात काय काय गेलं असेल" असं ऐकू येतं. तो ते मान्य कसं करेल? म्हणून वाद धोका आहे की नाही यावर घालू नकोस. "सर, या वेळी मास्क मोजून बघू या का, तुमचा आणि माझा दोघांचा?" असं विचार. मोजायला नाही म्हणणं टेक्नॉलॉजिस्टला जड जातं.

आणि आता ती गोष्ट, जी तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. "मग मावशी येऊन थुंकी वगैरे पुसून घेतात." त्या मावशींना बॅज आहे का? ग्लोव्ह कुठले आहेत, का तेच ओलं फडकं त्या पुढच्या खोलीत नेतात? त्यांना कुणी सांगितलंय का, की त्या पुसतात ते साधं थुंकीचं पाणी नाही? ज्यांची रेडिएशन वर्कर म्हणून नोंद नाही त्यांच्यासाठी मर्यादा सर्वसामान्य माणसाची, वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. तुला मीटर वाचता येतं, तुझं नाव एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर आहे, तुझ्यासाठी नियम आहेत. मावशींना यातलं काहीच नाही, आणि त्या कुणाला पत्र लिहिणार नाहीत. तू तुझ्यासाठी बोलायला बिचकतेस ना? मग त्यांच्यासाठी बोल. त्यांच्यासाठी बोललीस तर तुझा प्रश्न आपोआप त्यात येतो, आणि कुणी तुला "नव्या लग्नाची आहे, घाबरते" असं म्हणून गप्प बसवू शकत नाही.

बोलायचं लेखी. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात एईआरबीची मान्यता असलेले रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असावेच लागतात. हवेची, जमिनीची, माणसांची तपासणी हे त्यांचं काम आहे आणि तू मागून ते उपकार करत नाहीत. पत्र तक्रारीच्या सुरात नको. तारखा, प्रत्येक स्कॅननंतरचं रीडिंग, फॅन चालू होता की बंद, एवढंच लिही. खाली चार मागण्या: फॅन दुरुस्त करून फिल्टर बदलावा, दर स्कॅननंतर खोलीची स्वाइप टेस्ट (पृष्ठभाग पुसून त्या कापडावरचे किरण मोजणं) व्हावी, स्टाफच्या अंगात काही गेलंय का याची एकदा रीतसर तपासणी व्हावी, आणि सफाई कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावं. पोच घे. आरएसओंनी हालचाल केली नाही तर पत्राची प्रत हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला, कारण लायसन्स त्यांच्या नावावर असतं आणि २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार जबाबदारीही त्यांचीच असते. तिथेही भिंत लागली तर एईआरबीचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. मला मात्र वाटतं, रीडिंगची वही समोर ठेवलीस तर तिथवर जावं लागणार नाही. फॅनचा खर्च छोटा आहे, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचा शेरा मोठा.

डॉक्टरांशीही एक विषय काढ, पण त्यांच्या अधिकारात ढवळाढवळ होणार नाही अशा बेतानं. प्रत्येक पेशंटला व्हेंटिलेशन लागतंच का? ज्याचा छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे त्याचं परफ्यूजन (फुप्फुसातल्या रक्तपुरवठ्याचा स्कॅन) आधी केलं आणि ते नॉर्मल आलं, तर फुप्फुसात गुठळी नाही एवढं कळायला ते पुरतं. गरज पडली तर व्हेंटिलेशन दुसऱ्या दिवशी करता येतं. कोविडच्या काळात जगभरच्या कित्येक विभागांनी खोकल्याच्या भीतीनं व्हेंटिलेशन थांबवून परफ्यूजनवर काम भागवलं होतं. पण म्हणून तो स्कॅन फालतू आहे असं समजू नकोस. जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेल्या पेशंटचा शोध घ्यायला व्हेंटिलेशन-परफ्यूजन हीच पहिली तपासणी सुचवतात. किडनी अधू असलेल्याला किंवा डायची अॅलर्जी असलेल्याला सीटी अँजिओ करता येत नाही, तेव्हा तुझाच विभाग त्याच्या कामी येतो. टेक्नेगॅस नावाचा कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा पर्यायही आहे. तो थोड्याच श्वासांत भागतो आणि खोली कमी खराब होते, पण त्याचं यंत्र वेगळं आणि महाग. पुढच्या खरेदीच्या चर्चेत नाव सुचवून ठेव.

बाळाचं. दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात आरएसओंना लेखी कळव, तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबू नकोस. आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. नातेवाइकांपुरती ती पाळ, आरएसओंना त्यातून वगळ. कळवल्यापासून उरलेल्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसीव्हर्टच्या वर मात्रा मिळू नये असा नियम आहे, आणि तो लागू व्हायचा तर त्यांना माहीत असायला हवं. त्या काळात वाफेच्या खोलीत जायचं नाही, आयोडीन थेरपीच्या वॉर्डात जायचं नाही. तिमाहीची वाट न बघता लगेच रीडिंग दाखवणारा पॉकेट डोसिमीटर पोटाच्या पातळीवर लाव. कॅमेरा कन्सोल, प्रोसेसिंग, अपॉइंटमेंट, क्वालिटी कंट्रोल अशी कामं विभागात भरपूर असतात. गरोदरपण कळवलं म्हणून कामावरून काढता येत नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांत हे स्पष्ट आहे. बाळ अंगावर पीत असेपर्यंतही वाफेची खोली नकोच. आणि आत्ता, बाळाचा विचार चालू असताना, कुठल्याही महिन्यात दिवस जाऊ शकतात हे धरून, फॅन दुरुस्त होईपर्यंत व्हेंटिलेशनची पाळी दुसऱ्यांकडे द्या असं मागायला तुला काहीच हरकत नाही. मात्र ज्याच्याकडे पाळी जाईल त्यालाही तीच हवा मिळणार आहे, हे पत्रात लिही.

सासूबाईंना अडाणी समजू नकोस. त्यांना वाटतं तू काहीतरी अंगावर घेऊन घरी येतेस, आणि मीटर कडकडलेल्या दिवशी ते थोडंफार खरंही असतं. त्यांना "काही होत नाही आई" असं सांगून चालणार नाही, कारण तुझे सीनियर तुला हेच सांगतात आणि तुला ते पटत नाही. त्यांना दाखव: मी बूट तिथेच ठेवते, कोट तिथेच ठेवते, हात कोमट पाण्यानं आणि साबणानं न घासता धुते, शेवटी मीटर लावून मगच निघते. एक दिवस निघतानाचं रीडिंग फोटो काढून घरी दाखव. त्यांना मिलिसीव्हर्ट कळलं नाही तरी तू बघून निघतेस हे कळेल.

नोकरी सोडायची की नाही, ते आज ठरवू नकोस. पत्र दिल्यावर विभाग कसा वागतो ते बघ. फॅन चालू झाला, वही भरू लागली, तर तुझं शिक्षण आणि हात दोन्ही तिथे कामाचे आहेत. पोच मिळूनही महिनाभर काही हललं नाही, उलट तुझीच चेष्टा झाली, तर दुसरं हॉस्पिटल बघ. व्यवसाय बदलायचं कारण नाही, आणि मुलाखतीला जाशील तिथे पहिला प्रश्न तू विचार: व्हेंटिलेशन कुठल्या खोलीत करता, आणि ती बघता येईल का?

आणि उद्या सकाळी, पत्राचा कच्चा मसुदा लिहायच्याही आधी, मावशींना गाठ. स्कॅननंतर ती खोली त्यांनी लगेच पुसायची नाही. टिश्यू आणि उशीचा अभ्रा तू ग्लोव्ह घालून उचल आणि डब्यात टाक. खोली बंद करून दारावर मराठीत चिठ्ठी लाव आणि दुसऱ्या दिवशी मीटर फिरवून मगच त्यांना आत जाऊ दे.